सामत्यापासून बिनकिल्लीच्या चकापर्यंत

मंडळी, लाकडावरच्या कोरीव कामाचा विषय निघाला की आपण कारागिराच्या हाताचं कौतुक करतो, पटाशीच्या धारेबद्दल बोलतो, फार तर सागवान की शिसम यावर वाद घालतो. पण ती धार ज्याने धरून ठेवलेली असते, त्या वस्तूबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. पटाशीला मूठ असते, ती आपल्या हातात असते, तिथे प्रश्नच येत नाही. प्रश्न येतो तो फिरणाऱ्या हत्याराचा. फिरणारं टोक कुणीतरी घट्ट आणि सरळ धरलं पाहिजे, आणि हवं तेव्हा सोडलंही पाहिजे. या धरण्या-सोडण्याला माणसाने काही हजार वर्षं डोकं लावलं आहे. आज त्याचीच गोष्ट सांगतो.

हा विषय माझ्या डोक्यात शिरला तो आमच्या जुन्या दाराच्या गणेशपट्टीमुळे. नातेवाईक मंडळी गेले दोन महिने फोनवर विचारत आहेत की एक फळी दुरुस्त करायला एवढा वेळ का लागतो? त्यांना एकदाच सविस्तर उत्तर मिळावं हाही या लेखामागचा हेतू आहे. :-) पट्टीकडे नंतर येतो, आधी थोडा इतिहास. इतिहास शिकवण्यात उभी हयात गेली, सवय सुटत नाही.

ज्यांनी कधी ड्रिल मशीन हातात धरलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. मशीनच्या तोंडाशी एक गोल बोंडासारखा भाग असतो. त्याच्या आत तीन जबडे असतात आणि ते बिट पकडतात. हा चक. काही चक एका छोट्या दातेरी किल्लीने आवळतात. काही नुसत्या हाताच्या मुठीने पिळून आवळतात, तो बिनकिल्लीचा चक. आणि कोरीव कामाच्या छोट्या, अतिवेगवान मशीनमध्ये तिसराच प्रकार असतो. चिरा दिलेली एक पितळी किंवा पोलादी नळी असते, तिच्यात टोकाची दांडी घालायची आणि वरून पान्याने नट आवळायचा. तो कॉलेट. या तिघांत कुणाला निवडायचं, हा आमच्यापुढचा प्रश्न होता.

आता मागे जाऊ. फार मागे.

बलुचिस्तानातल्या मेहरगढ इथे नवाश्मयुगीन माणसांच्या दाढांना गारगोटीच्या टोकाने पाडलेली भोकं सापडली आणि २००६ साली 'नेचर' या नियतकालिकात त्यावर लेख आला. नऊ माणसांच्या अकरा दाढा, काळ आजपासून सुमारे ७,५०० ते ९,००० वर्षांपूर्वीचा. त्या गावात मणी तयार करण्याचा धंदा होता. मण्याला भोक पाडणारं हत्यारच दाढेत घातलं गेलं असावं, असं संशोधकांचं मत. दात आणि मणी यांचं हे नातं लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. मण्यांसाठी एवढ्या लांब जायचीही गरज नाही म्हणा. आपल्याच पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून १९८३ पर्यंत तिथे उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही नावं आमच्या पिढीच्या इतिहास शिक्षकांना घरच्यासारखी. तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या शेतकऱ्यांच्या घरांतही मणी मिळाले. मणी म्हटला की भोक आलं, आणि भोक म्हटलं की ते पाडणारं टोक धरून ठेवणारं काहीतरी आलं.

आपल्याकडच्या सुतारांच्या हातात हे काम करणारं हत्यार म्हणजे सामता. नव्या पिढीने हा शब्दही ऐकलेला नसेल. एक लाकडी दांडी, तिच्या खालच्या टोकात ठोकून बसवलेलं पोलादी टोक, वरच्या अंगाला तळहाताने दाबून धरायची टोपी, आणि दांडीला दोरीचा एक वेढा देऊन मागेपुढे ओढायची कमान. ताक घुसळताना रवी जशी अर्धी इकडे अर्धी तिकडे फिरते, तसाच सामता फिरतो. म्हणून त्याच्या टोकाला दोन्ही बाजूंनी धार लागते. माझ्या लहानपणी गावच्या सुतारनेटावर सामता चालताना मी तासन्‌तास बघत बसे. एका सुताराकडे तीन-चार सामते असत, जाड भोकाचा वेगळा, बारीक भोकाचा वेगळा. कारण टोक दांडीत ठोकून बसवलेलं. ते काढून दुसरं बसवायचं ही कल्पनाच नव्हती. भोक बदलायचं तर अख्खं हत्यार बदलायचं.

आमच्या बारामतीत कऱ्हेच्या काठी बाबूजी नाईकांचा वाडा आहे. त्यांच्याच आश्रयाला कविवर्य मोरोपंत (१७२९ ते १७९४) राहिले. पंत इथे आर्या रचत होते त्या काळात इथल्या सुतारांकडे पटाशी, वाकस, रंधा, करवत आणि सामता हीच सामग्री. पुण्यात दुसऱ्या बाजीरावाने १८०७च्या सुमारास उभा केलेला विश्रामबागवाडा आजही पाहायला मिळतो. त्याच्या दर्शनी भागाचे सुरूच्या आकाराचे कोरीव खांब पाहताना मान दुखेपर्यंत वर बघावंसं वाटतं. ते सगळं याच हातहत्यारांचं काम. आणि आपण मागासलेले होतो असंही समजू नका. त्याच काळात युरोपातल्या सुताराच्या लाकडी ब्रेसमध्येही बहुधा प्रत्येक बिटाला स्वतःचा लाकडी ठोकळा असे आणि तो ठोकळ्यासकट बदलावा लागे. पकडीच्या बाबतीत कऱ्हाकाठचा सुतार आणि थेम्सकाठचा सुतार एकाच इयत्तेत होते.

बदल झाला तो १८६४ साली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात विल्यम बार्बर नावाच्या गृहस्थाने ब्रेससाठी एका चकाचं पेटंट घेतलं. बाहेरून आटे असलेलं एक कवच, आत दोन जबडे. कवच हाताने पिळलं की जबडे मिटतात, उलटं पिळलं की उघडतात. ठोकायला नको, पाचर नको, पाना नको. एकाच ब्रेसला दहा बिटं चालू लागली. मिलर्स फॉल्स नावाच्या कंपनीने ते पेटंट घेऊन ब्रेस बाजारात आणले आणि पुढे जगभर तसेच ब्रेस झाले. आपल्याकडच्या जुन्या सुतारांकडे जे लोखंडी ब्रेस असतात, ज्याला कंपासाच्या पेटीएवढी जागा लागते आणि जो फिरवताना छातीने दाबावा लागतो, त्याचं तोंड बघा. हाच चक. (गिरमिट हे त्याचं धाकटं भावंड. हा शब्द इंग्रजी 'गिम्लेट'वरून आला आणि मराठीत इतका मुरला की लोक एकमेकांच्या डोक्याला गिरमिट लावू लागले!)

इथे एक गंमत आहे. बार्बरचा चक हा बिनकिल्लीचाच होता. म्हणजे आज दुकानदार 'नवीन आलंय, बिनकिल्लीचं' म्हणून जे दाखवतो ती कल्पना दीडशे वर्षांहून जुनी आहे, आणि किल्लीचा चक तिच्या नंतरचा आहे. मग मधेच किल्ली का आली?

किल्ली आली ती इंजिनामुळे आणि विजेमुळे. हाताने फिरवायच्या ब्रेसचा जोर हाताएवढाच, म्हणून हाताने आवळलेली पकड त्याला पुरते. यंत्र फिरवायला लागलं की हाताची पकड अपुरी पडते आणि बिट जबड्यात गरागरा फिरतं. म्हणून कारखान्यांत पान्याने आवळायचे चक आले. पाना निसटला की बोटांची सालटी. कनेक्टिकटमधल्या आर्थर जेकब्स या यंत्रकुशल माणसाची बोटं अशीच सोलवटली आणि त्यातून त्याने दातेरी किल्लीचा चक काढला, असं सांगतात. त्याचं पेटंट १६ सप्टेंबर १९०२ चं. छोट्या किल्लीचे दाते चकाच्या कड्याच्या दात्यांत बसतात, किल्लीच्या आडव्या दांडीमुळे बोटांचा जोर कैक पटींनी वाढतो आणि तीन जबडे एकदम मिटतात. शंभर वर्षांहून जास्त काळ लोटला, अजून त्यात फारसा बदल झालेला नाही.

योगायोग असा की त्याच १९०२ साली इकडे मुंबई इलाख्यातल्या लाकडी कोरीव कामावर वेल्स नावाच्या इंग्रजाचा माहितीग्रंथ निघाला. तेव्हा सरकार एकेका हस्तकलेवर असे ग्रंथ लिहवून घेत असे. एकाच वर्षी तिकडे यंत्राची पकड पक्की होत होती आणि इकडे हातकामाची नोंदवही भरली जात होती.

पुढचा इतिहास भराभर सांगतो. १९१७ मध्ये ब्लॅक आणि डेकर या जोडीला पिस्तुलासारखी मूठ आणि घोडा असलेल्या विजेच्या ड्रिलचं पेटंट मिळालं. आपल्याकडे मुलुंडच्या रॅलिवुल्फची आणि नंतर शिरोळच्या कुलकर्णी पॉवर टूल्सची यंत्रं गावोगावच्या वर्कशॉपमध्ये दिसू लागली, आणि त्यांच्या वायरीला रबरी पट्टीने बांधलेली चकाची किल्लीही दिसू लागली. ती हरवली की काम बंद. १९६१ मध्ये बॅटरीवरचं ड्रिल आलं. बॅटरीच्या यंत्राला वायर नाही, मग किल्ली बांधायची कुठे? शिडीवर चढलेल्या माणसाने किल्ली कुठे शोधायची? म्हणून १९८० नंतर हाताने आवळायचा चक पुन्हा आला, या वेळी जास्त पक्का होऊन. एकोणिसाव्या शतकात निरोप दिलेला पाहुणा विसाव्याच्या शेवटी परत दारात उभा!

इथपर्यंत भोक पाडण्याची गोष्ट झाली. कोरीव कामाची गोष्ट वेगळी आहे, आणि ती दातांच्या डॉक्टरांकडून आली.

१८७१ साली मॉरिसन नावाच्या अमेरिकन दंतवैद्याने शिवणाच्या मशीनसारखं पायाने चालवायचं दात कोरण्याचं यंत्र काढलं. १८७५ मध्ये ग्रीन याने त्याला वीज लावली. दात कोरायला बारीक डोक्याचे, दातेरी 'बर' लागतात, ते फार वेगाने फिरवावे लागतात, आणि क्षणोक्षणी बदलावे लागतात. रोगी तोंड उघडून बसलेला असताना पाना शोधत बसता येत नाही. म्हणून दातांच्या हँडपीसमध्ये नुसत्या पिळण्याने किंवा कळ दाबून उघडणारी, पण चहूबाजूंनी सारखी धरणारी पकड तयार झाली. बाकीच्या जगात अल्बर्ट ड्रेमेल याने १९३२ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या रॅसीन गावी आपली कंपनी काढली आणि हातात मावणारं वेगवान रोटरी टूल लोकांच्या घरात नेलं. (१९९३ पासून ही कंपनी बॉशकडे आहे.) त्या यंत्रात कॉलेट असतो आणि नट आवळायला छोटा पाना. सोनारांनी लवचीक दांडीची, खुंटीला टांगायची मोटर घेतली, तिच्या हँडपीसला छोटा किल्लीचा चक असतो. तो साधारण शून्यापासून ४ मिलिमीटरपर्यंत काहीही धरतो. दात, मणी आणि लाकूड, या तिघांचं मेहरगढपासूनचं नातं असं पुन्हा जुळलं.

आता आमची गणेशपट्टी.

आमचं मूळ गाव इंदापूर तालुक्यात, भीमेच्या काठी. नाव नातेवाइकांना ठाऊक आहे, इतरांना त्याचा उपयोग नाही, कारण ते गाव आता जागेवर नाही. १९८० साली उजनी धरण पुरं झालं आणि पाणी मागे सरकत आलं. पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ उन्हाळ्यात पाणी खूप ओसरलं की वर येतं आणि लोक होड्या करून बघायला जातात. आमच्या घराचं तसं काही वर येत नाही, मातीच्या भिंती होत्या. पण गाव उठलं तेव्हा माणसांनी जे उचलता येईल ते उचललं. तुळया, कड्या, चौकटी बैलगाडीत घातल्या. आमच्या दाराची चौकट नव्या गावठाणात थोरल्या भावाच्या घराला बसली. तिच्या वरच्या आडव्या पट्टीवर मधे गणपती, दोन्ही बाजूंना वेल आणि कडेने बारीक मण्यांची माळ कोरलेली आहे. कुणी कोरली, कधी कोरली, काही लिहिलेलं नाही. चार पिढ्या तरी तिच्याखालून वाकून गेल्या आहेत. घरातल्या किती सुनांनी तिथे माप ओलांडलं ते मोजायला बसलो तर रात्र पुरायची नाही. बुडालेल्या घराचं आमच्याकडे जे काही उरलं आहे ते एवढंच.

गेल्या पावसाळ्यात लक्षात आलं की उजव्या बाजूला वेलीचा वीतभर भाग आणि मण्यांची माळ वाळवीने आतून पोखरली आहे. तेवढा भाग काढून नव्या सागवानाचं ठिगळ बसवायचं आणि त्यावर जुन्यासारखंच कोरायचं, असं ठरलं. काम ज्या मिस्त्रींनी घेतलं त्यांचं वय पासष्टच्या पुढे. देव्हारे आणि देवळांचे दरवाजे करण्यात हात मुरलेला. पण बोटांचे सांधे धरलेत. पटाशीवर मोगरी मारताना दुसऱ्या हाताची बोटं आखडतात, म्हणून चार वर्षांपूर्वी त्यांच्या मुलाने त्यांना रोटरी टूल आणून दिलं. मुलगा बारामतीच्या एमआयडीसीत मशीनवर असतो, त्यामुळे त्याला या सगळ्यातलं चांगलं कळतं.

अडचण अशी की कॉलेटचा नट आवळायला एका हाताच्या अंगठ्याने कळ दाबून ठेवायची आणि दुसऱ्या हाताने पाना फिरवायचा. बर बदलला की हे आलंच. कोरताना दिवसात चाळीस-पन्नास वेळा बर बदलतो. संध्याकाळी मिस्त्रींचा अंगठा सुजतो. म्हणून त्यांनी बाजारातून बिनकिल्लीचा छोटा चक आणला. कॉलेटच्या जागी बसतो, ०.८ पासून ३.२ मिलिमीटरपर्यंतची कुठलीही दांडी धरतो, आणि चिमटीने पिळला की झालं. मिस्त्री खूश. मुलगा मात्र नाखूश. बापलेकांचा वाद ऐकायला मी दोन-तीनदा मुद्दाम त्यांच्या नेटावर जाऊन बसलो.

मुलाचं म्हणणं, "आबा, ह्यो चक धरतोय, पण सरळ धरत न्हाई. डुलतोय."

आबांचं म्हणणं, "तुला डुलताना दिसतंय व्हय? मला तर दिसत न्हाई. अंगठा मातुर दुखायचा थांबलाय."

दोघंही खरं बोलत होते. मुलाने मग सोपी परीक्षा घेतली. सागवानाच्या एका तुकड्यावर गोल डोक्याचा बारीक बर नुसता टेकवला, आधी कॉलेटमध्ये धरून, मग बिनकिल्लीच्या चकात धरून. कॉलेटमधल्या बराने मोहरीसारखा स्वच्छ खळगा पाडला. चकातल्या त्याच बराने पाडलेला खळगा नुसत्या डोळ्यांना कळेल इतका मोठा आणि कडेला खरखरीत. आमच्या पट्टीवरची माळ म्हणजे असे शे-दीडशे मणी. प्रत्येक मणी जर केसाएवढा फुगला किंवा खाल्ला गेला, तर जुनं कुठे संपलं आणि नवं कुठे सुरू झालं ते वाकून पाहणाऱ्या प्रत्येकाला दिसणार.

असं का होतं ते मी समजून घेतलं आणि शिक्षकी सवयीने गणितही करून पाहिलं. कॉलेट दांडीला सगळ्या बाजूंनी कवटाळतो. जबड्यांचा चक तीन रेषांवर धरतो, आणि स्वस्त चकातले तीन जबडे तंतोतंत एकाच वेळी मध्यावर येतीलच असं नाही. समजा, दहा ग्रॅम वजनाचा बर मध्यापासून फक्त एक दशांश मिलिमीटर सरकला. भोक पाडायच्या ड्रिलमध्ये, मिनिटाला १,००० फेऱ्यांना, त्याचा बाहेर ओढणारा जोर जेमतेम एका ग्रॅमच्या भाराइतका. कुणाला पत्ताही लागणार नाही. पण रोटरी टूल मिनिटाला ३०,००० फेरे घेतं. वेग तीसपट झाला की हा जोर तीसाचा वर्ग, म्हणजे नऊशेपट होतो. म्हणजे जवळजवळ एक किलो! आणि तो सेकंदाला पाचशे वेळा दिशा बदलून हाताला हिसके देतो. मिस्त्रींचा अंगठा वाचला होता, पण मनगटाला मुंग्या येऊ लागल्या होत्या, ते याचमुळे.

दुसरी गोष्ट, चक मुळात जन्माला आला तो भोक पाडण्यासाठी. भोक पाडताना जोर सरळ दांडीच्या दिशेने जातो. कोरताना बर आडवा ढकलला जातो, जबड्यांना बाजूने धक्के बसतात आणि थरथरीने हाताने आवळलेलं कवच सैल होऊ शकतं. जुन्या सागवानात सिलिका असते, धार लवकर बोथटते, मग माणूस आणखी रेटतो. आणि जुन्या पट्टीत कुठे लोखंडी खिळा दडलेला असला तर बघायलाच नको. ३०,००० फेऱ्यांवर निसटलेला बर कुठे जाईल ते सांगता येत नाही. डोळ्यांना चष्मा आणि नाकाला फडकं हे म्हणूनच हवं, सागाचा भुसाही बाधतो.

मग किल्लीचा चक? सोनारी मोटरच्या हँडपीसला असतो तो. पकड उत्तम, आणि कुठल्याही जाडीची दांडी चालते. पण किल्ली पिळायला पुन्हा तीच दुखरी बोटं. शिवाय किल्ली चकातच विसरून पाय पेडलवर पडला तर ती गोफणीतल्या धोंड्यासारखी सुटते.

म्हणजे पेच असा की पट्टीचं भलं कॉलेटमध्ये आणि मिस्त्रींचं भलं बिनकिल्लीच्या चकात. इथे "काम महत्त्वाचं, कारागिराने सोसावं" असं म्हणणं सोपं आहे. आपण पिढ्यान्‌पिढ्या तेच म्हणत आलो. वाडे पाहताना आपण खांब मोजतो, ते कोरणाऱ्यांच्या बोटांचं पुढे काय झालं ते कुठल्याही बखरीत नाही. पण जेकब्सचा चक जन्मला तो सोलवटलेल्या बोटांतून, आणि दातांच्या हँडपीसची पकड घडली ती ताटकळणाऱ्या रोग्याच्या जिवासाठी. पकडीचा सगळा इतिहास वाचून मला एवढंच समजलं की दर वेळी सुधारणा झाली ती कुणाच्या तरी हाताचं किंवा देहाचं दुखणं मनावर घेतल्यामुळे. मग मिस्त्रींचा अंगठा मनावर न घेता पट्टी दुरुस्त करणं हे त्या इतिहासाच्या उलट जाणं झालं असतं. आणि डुलणाऱ्या बराने पट्टी खराब करणं म्हणजे ज्या अनाम कारागिराने ती माळ कोरली त्याच्या बोटांचा अपमान.

तोडगा मुलाने काढला आणि तो दोन भागांत आहे. ज्यांना या कामाची आवड आहे त्यांनी नीट वाचावा.

पहिला भाग म्हणजे दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या घासायला वापरतात तो मायक्रोमोटर. त्याच्या हँडपीसचं कडं हाताने अर्धवट वळवलं की आतला कॉलेट उघडतो, उलटं वळवलं की खट्‌ करून मिटतो. पाना नाही, किल्ली नाही, अंगठ्याने दाबायची कळ नाही, आणि पकड मात्र कॉलेटचीच, चहूबाजूंनी. म्हणजे बिनकिल्लीचाच, पण चक नव्हे. त्याची दांडी ठरलेली असते, २.३५ मिलिमीटर. दातांच्या कामाचे असंख्य आकारांचे बर याच मापात मिळतात, आणि योगायोगाने रोटरी टूलच्या २.४ मिलिमीटरच्या कॉलेटमध्येही ते बसतात. दोष दोन. बिनकिल्लीच्या चकाच्या मानाने हा संच कितीतरी महाग पडतो, आणि त्यात ताकद कमी असल्याने मोठा जाड बर चालत नाही. लाकूड भरभर उतरवायला त्याचा उपयोग नाही, मणी आणि पानांच्या शिरा कोरायला आहे.

दुसरा भाग ऐकून मला हसू आलं आणि बरंही वाटलं. लाकूड उतरवायचा जाड बर रोटरी टूलच्या कॉलेटमध्ये सकाळी एकदाच बसवायचा आणि दिवसभर काढायचाच नाही. बारीक कामाला मायक्रोमोटर. आणि तो बिनकिल्लीचा चक फेकायचा नाही, तो एका जुन्या मशीनवर कायमचा बसवून ठेवायचा. खुंट्यांची बारीक भोकं पाडायला, पॉलिशचा ब्रश फिरवायला, कमी वेगाची सगळी कामं करायला तो झकास आहे, कारण तिथे दर वेळी वेगळ्या जाडीची दांडी लागते. म्हणजे काय, तर प्रत्येक कामाला वेगळं हत्यार तयार ठेवायचं, पकड बदलत बसायचं नाही. माझ्या लहानपणी सुतारनेटावर तीन-चार सामते ओळीने टांगलेले असत, त्याहून हे वेगळं ते काय?

पण हे तिन्ही घ्यायची ऐपत नसेल तर? बऱ्याच कारागिरांची नसते. मिस्त्रींच्या मुलाचा सल्ला सांगतो. कोरायचं असेल तर कॉलेट सोडू नका, पान्याच्या दांड्याला लाकडी मूठ बसवून घ्या म्हणजे बोटांऐवजी तळहाताचा जोर लागतो. बिनकिल्लीचा चक घ्यायचा असेल तर घेण्यापूर्वी आपल्या मशीनच्या नाकाचे आटे तपासा. काहींचे सात मिलिमीटरच्या आसपास असतात, काहींचे आठ, आणि जबरदस्तीने बसवलेला चक कधीच सरळ फिरत नाही. लागेल तेवढीच दांडी बाहेर ठेवा. वेग कमी ठेवा. आणि नवा बर लावला की मशीन आधी मोकळं फिरवून हाताला काय जाणवतं ते बघा. हात खोटं सांगत नाही.

पट्टीचं काम सुरू झालं आहे. ठिगळ बसलं, वेल उतरली आहे, माळेचे निम्म्याहून अधिक मणी झालेत. मिस्त्रींनी गणपतीच्या जवळचे चार मणी मात्र मशीनने करायला नकार दिला. ते पटाशीनेच करणार म्हणाले, दिवसाला एक, बोटं देतील तेवढं. मुलाने त्यावर वाद घातला नाही.

काम काढताना पट्टीच्या मागच्या अंगाला जुन्या लाकडी खुंट्यांची भोकं दिसली. मुलाने त्यात टॉर्च मारून मला दाखवलं. भोकं तोंडाशी रुंद, आत निमुळती आणि कडेला दोन्ही दिशांनी फिरल्याच्या बारीक रेघा. सामत्याची भोकं! पट्टीवर कारागिराचं नाव नाही, पण त्याच्या हत्याराची सही आहे. आता शेजारी यंत्राची सरळ, गुळगुळीत भोकंही असतील. दीडशे वर्षांनी कुणी ती पट्टी काढली तर त्यालाही दोन माणसांचा हिशेब लागेल.

असो. नातेवाइकांना आता उशिराचं कारण कळलं असेल. दिवाळीपर्यंत पट्टी जागेवर चढेल असं मिस्त्री म्हणतात, मी तुळशीच्या लग्नापर्यंत धरून चाललो आहे. :-) एक विनंती मात्र आहे. तुमच्यापैकी कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या गोठ्याच्या आढ्याला सामता, ब्रेस किंवा जुनी गिरमिटं पडलेली असतील तर ती भंगारवाल्याला घालू नका. मला कळवा, मी येऊन घेऊन जाईन. मिस्त्रींच्या मुलाला त्यांचे फोटो काढून मापं लिहून ठेवायची आहेत. ज्याने हे काम शिकायचं त्याने आपल्या आधीच्यांनी टोक कसं धरलं हे बघितलेलं बरं, असं तो म्हणतो. आता त्याला मी इतिहास काय शिकवणार!